गोळा खोबणीत पाहिजे

उमापुरात अप्पा कुणाकडे बसायला निघाले, की आधी त्यांची खुर्ची येते, मग उशी, आणि मग अप्पा. खुर्चीच्या पायांना लाकडी ठोकळे ठोकून ती इतकी उंच केलीय, की अप्पा बसले की सगळं गाव त्यांच्या गुडघ्याशी. उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये. डोक्याला गुलाबी पटका. तो अंघोळ आणि झोप सोडली तर उतरत नाही.

अप्पा आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन, मी सेक्रेटरी. गोठ्यात घसरून त्यांचा खुबा मोडला, डॉक्टरांनी नवा बसवला आणि बजावलं, "मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, पायावर पाय टाकू नका, खाली वाकू नका. नाहीतर सांध्याचा गोळा खोबणीतून निसटेल." उशी काही महिनेच ठेवा म्हणाले होते. अप्पांनी ती जन्माची धरली. दुधाला फॅट लागली नाही, तर "गोळा खोबणीत न्हाई." ठराव एकमतानं झाला, तर "बसला गोळा खोबणीत!" डोक्याला ताप नुसता!

बरं, स्वतःपुरतं ठेवावं की नाही? पंगतीत आम्ही भाकरी चुरायला लागलो, की वरून आवाज: "मांडी सोड बे! खुबा काय झाडाला लागतो व्हय?" एकदा मयतीच्या घरी भेटायला गेलो. घरधनी उकिडवा बसून रडत होता. अप्पा कळवळून म्हणाले, "रडा दादा, लई रडा. पन सरळ बसून रडा."

त्या साली दुष्काळ पडला. सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर घरचं एक माणूस तिथंच मुक्कामाला. अप्पांच्या गाईबरोबर त्यांची बायको, गयाकाकू, राहिल्या. अप्पा रोज सकाळी खुर्चीसकट हजर. वैरण बघायला येतो, म्हणायचे. बसायचे मात्र वैरणीकडे पाठ करून, काकूंच्या चुलीकडे तोंड.

एक दिवस काकू तापानं फणफणल्या. खोपीत वाकळेवर पडून होत्या. डॉक्टर सुई देऊन गेले, होतील बऱ्या म्हणाले. पण काकूंचं आपलं एकच, "अवो, जवळ बसा की." अप्पांनी काठी टाकली आणि गुडघे वाकवायला लागले. मी त्यांचा दंड धरला.

"अप्पा, गोळा निसटंल!"

"मग रोज कशापायी येतो मी हितं? ती खाली, मी वर. बसू दे मला!" मी दंड सोडला नाही.

तेवढ्यात काय सुचलं कोण जाणे, अप्पा एकदम गरजले, "सेक्रेटरी, बैलगाडी आना! मला खाली बसायची बंदी हाय, तिला वर यायला कुनाची हाय?"

लिंबाच्या सावलीत गाडी लावली, जुवाला टेकू दिला, कडबा पसरला आणि काकूंना वाकळेसकट वर ठेवलं. शेजारी खुर्ची. काकूंचं डोकं बरोबर अप्पांच्या हाताशी आलं. कडबा टोचत होता. अप्पांनी गुडघ्यातली उशी काढली, जिला आम्हाला हात लावायची सोय नव्हती, आणि काकूंच्या डोक्याखाली सारली.

"आता मध्ये काय धरणार?" मी विचारलं.

त्यांनी पटका सोडला, गुंडाळला आणि गुडघ्यांत धरला. भर छावणीत चेअरमन बोडके! काकूंनी डोळे किलकिले केले. "अवो, पटका बांधा. समदी छावनी बघतीय."

"बघू दे," काकूंच्या कपाळावर हात ठेवत अप्पा म्हणाले. "डोकं काय निसटत न्हाई."