कालोराची उन्हातली जागा

आम्ही गेलो त्या आठवड्यात कालोरा बेट पोहण्याच्या शर्यतीत उतरणार होतं, त्यामुळे बंदरावर पाय ठेवताच सामान पलंगाच्या पायाला बांधून ठेवण्याची सूचना आम्हाला मिळाली.

कालोरा हे भूमध्य समुद्रातलं लहानसं बेट आहे आणि बेटभर एकच शहर पसरलेलं आहे. दर चार वर्षांनी तिथे मैदानी खेळांचे सामने भरतात. यजमानाने निदान एका स्पर्धेत स्वतः उतरलं पाहिजे, असा सामने भरवणाऱ्या मंडळाचा नियम आहे. बेटाला पोहण्याखेरीज काही येत नाही, म्हणून ते पोहतं. पाठीवर पोहायला बेटांना मनाई आहे. पूर्वी एकदा तसं झालं होतं आणि शहरातल्या लोकांची बरीच गैरसोय झाली होती म्हणे.

शर्यतीत दुसरं बेट एकच, शेजारचं फुरा. त्यावर वस्ती नाही, फक्त बकऱ्या आहेत, त्यामुळे ते अंगाने हलकं आहे. जे जिंकेल त्याने पुढची चार वर्षं उन्हातल्या जागेवर राहायचं आणि हरेल त्याने मोठ्या कड्याच्या सावलीत. मागच्या खेपेला कालोरा हरलं होतं. आम्ही उतरलो ते सावलीतच.

आम्ही म्हणजे मी, माझी बायको हेमलता आणि माझे साडू जनार्दनराव. हेमाच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान, म्हणून आम्ही दोघंही त्यांना दाजी म्हणतो. नोकरीभर ते इस्लामपूरहून सांगलीला रोज एस.टी.ने जात. निवृत्त झाल्यावर एकदा परदेश बघायचा त्यांनी हट्ट धरला. अक्कांना बोट लागते, म्हणून त्या घरीच राहिल्या आणि त्यांनी कडीच्या डब्यातून शेंगदाण्याचे लाडू दिले.

आम्ही पिनाबाई नावाच्या विधवा बाईंकडे उतरलो होतो. सामन्यांतल्या खेळाडूंचे कपडे धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. अंगणात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बनियन, चड्ड्या, मोजे. सगळं ओलं. दाजींनी पहिल्याच दिवशी आपला मोठा चौकड्यांचा रुमाल धुवायला दिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो दोरीवर चाचपून पाहिला.

"बाई, हा वाळणार कधी?" दाजींनी विचारलं.

बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं. मी ते मराठीत देतो आहे.

"मागच्या सामन्यांपासून इथे काही वाळलेलं नाही," पिनाबाई म्हणाल्या. "धावणारे ओल्या चड्डीत धावतात. लांब उडीवाला उडी मारतो तेव्हा पाणी आधी खाली पडतं. मंडळाने कळवलंय, या वर्षी हरलात तर पुढचे सामने फुरावर."

"तिथे तर नुसत्या बकऱ्या आहेत," हेमा म्हणाली.

"हो. पण कपडे वाळतात."

त्या एक बनियन पिळू लागल्या. हेमाने न सांगता दुसरं टोक धरलं. सामने गेले तर या बाईंचं काम गेलं, हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि बेट निघालं. वेग फार नव्हता. बाजार, शाळा आणि सामने नेहमीप्रमाणे चालू होते. फक्त फुटबॉलमध्ये पुढच्या बाजूचा गोल मध्यंतरापूर्वी सारखा दूर जातो, अशी एका संघाची तक्रार आली आणि ती फेटाळण्यात आली. आम्ही पुढच्या टोकावर, दीपगृहाच्या कट्ट्यावर जाऊन उभे राहिलो. पिनाबाईही आल्या होत्या. येताना वाळत घातलेले कपडे काढून आणायची त्यांना गरज नव्हती, पण सवयीने त्यांनी आणले होते. दाजींनी आपला रुमाल त्यांतून काढून घेतला.

दुपारी समोर उन्हातली जागा दिसू लागली. चार कोपऱ्यांना चार पिवळी पिंपं तरंगत होती आणि मधलं पाणी चमचमत होतं. फुरा आमच्या पुढे होतं. बकऱ्या मागे वळून आमच्याकडे बघत होत्या.

"गेली जागा," पिनाबाई म्हणाल्या.

"गेली कशी?" दाजी म्हणाले. "जागा रिकामी दिसतीय आणि तुम्ही सगळे नुसतं बघत उभे राहिलाय? रुमाल टाका की!"

"दाजी, ही एस.टी. आहे का?" हेमा म्हणाली.

"जागा ती जागा. पण हात पोचला पाहिजे. नुसता फेकला तर वाऱ्यावर जाईल."

दीपगृहाशेजारी लुका नावाचा एक धिप्पाड खेळाडू हातोडाफेकीचा सराव करत होता. दाजींनी त्याला बोलावून आणलं आणि अक्कांचा कडीचा डबा दाखवला. लुकाने कडी धरून डबा हातात तोलला आणि जड आहे म्हणून सांगितलं. हेमाने थोडे लाडू काढले. त्याने पुन्हा तोलला. हेमाने आणखी काढले. असं करता करता कट्ट्यावरच्या सगळ्यांना लाडू मिळाला आणि डबा हातोड्याइतका झाला. तळाला वजन हवं म्हणून उरलेले आत ठेवून दाजींनी झाकण घट्ट बसवलं आणि वरून रुमाल बांधला. रुमाल ओला असल्याने डब्याला चिकटून बसला.

"अक्काला काय सांगू?" हेमा म्हणाली.

"जागेसाठी गेला म्हणून सांग. ती काही बोलायची नाही."

लुका स्वतःभोवती गरगर फिरला आणि त्याने डबा सोडला. डबा फुराच्या, बकऱ्यांच्या डोक्यावरून गेला आणि चार पिंपांच्या बरोबर मधे पडला. एकदा बुडाला, वर आला आणि रुमालासकट तरंगू लागला.

थोड्याच वेळात फुरा पिंपांपाशी पोचलं. आत शिरणार तोच त्याला रुमाल दिसला. ते थांबलं. बकऱ्या काठाशी येऊन वाकून बघू लागल्या. मग फुराने हळूच तोंड वळवलं आणि ते कड्याखालच्या सावलीकडे निघून गेलं. कालोरा सावकाश आलं आणि पिंपांच्या मधे बसलं.

मुख्य पंच ग्रेको होडीतून आले आणि कट्ट्यावर चढले. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात आमचा ओला डबा.

"फुरा पुढे होतं," ते म्हणाले. "जागेवर तुम्ही आहात. हे कसं?"

"रुमाल होता," दाजी म्हणाले.

"तो मी पाहिला. रुमालाने काय होतं?"

"जागा धरली जाते."

"असं कुठे लिहिलं आहे?"

"लिहायला कशाला पाहिजे? फुराला तरी कुठे वाचायला लागलं?"

ग्रेकोंनी यावर विचार केला. मग कर्णा तोंडाला लावून फुराची काही तक्रार आहे का, असं विचारलं. एक बकरी ओरडली. ग्रेको बाकीच्यांसाठी थांबले, पण दुसरी कोणी बोलली नाही, तेव्हा त्यांनी तक्रार नाही असं धरलं.

"मग निर्णय असा," ते म्हणाले. "रुमाल ज्याचा, जागा त्याची. म्हणजे जागा या गृहस्थांची. बेटाची नव्हे."

पिनाबाईंनी हातातला बनियन छातीशी धरला.

"हे सगळे माझ्याबरोबरचे आहेत," दाजी म्हणाले.

"सगळे म्हणजे?"

दाजींनी मागे वळून पाहिलं. घरं, चर्च, बाजार, खेळांचं मैदान. "हे सगळं. मागून येत होते, म्हणून मी पुढे होऊन रुमाल टाकला. तसंच करतात."

"ठीक. आणि तुम्ही उठलात तर?"

इथे दाजींनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ग्रेकोंना काय ठाऊक होतं? पण या बाबतीत दाजी कधी खोटं बोललेले नाहीत.

"उठून गेलो तर जागा गेली," ते म्हणाले. "जेवायला वगैरे गेलो तर रुमाल ठेवता येतो. पण लांब जाता येत नाही."

"मग चार वर्षं तुम्हाला बसावं लागेल."

"दाजी," हेमा हळूच म्हणाली, "आपलं परवाचं विमान आहे."

"हेमा, रुमाल टाकून निघून जाणारा माणूस मी नव्हे."

कुणीतरी जागा पळवण्याच्या आत पिनाबाईंनी घरून खुर्ची आणली. ती कट्ट्यावर अगदी टोकाला ठेवण्यात आली. दाजी बसले. ग्रेकोंनी शिट्टी वाजवली आणि शर्यत संपली.

संध्याकाळी हेमाने अक्कांना फोन लावला. मी शेजारीच होतो, मला सगळं ऐकू आलं.

"बसलेत का उभे आहेत?" अक्कांनी विचारलं.

"बसलेत."

"मग बरं झालं. बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांग. डबा परत आण."

निघायच्या दिवशी आम्ही दाजींचा निरोप घ्यायला गेलो. पिनाबाईंच्या अंगणातून कट्ट्यापर्यंत नव्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवरचे बनियन कडकडीत वाळून वाऱ्यावर फडफडत होते. मधेच दाजींचा रुमालही होता. तो हातात घेऊन दाजींनी त्याची घडी घातली. घडी मोडली तरी तशीच राहत होती, इतका तो कोरडा होता.

"दाजी, करमेल ना?" मी विचारलं.

"एवढी वर्षं जागा धरल्या," ते म्हणाले, "पण खिडकीशी दरवेळी दुसरंच कोणीतरी बसलं. कधी म्हातारं माणूस, कधी बाळंतीण. ही बघा." समोर आकाशापर्यंत समुद्र होता. "खिडकीची आहे."

पिनाबाईंनी त्यांना लिंबाचं सरबत आणून दिलं. आम्ही वाकून नमस्कार केला. उठून आशीर्वाद देता येत नव्हता, तो त्यांनी बसूनच दिला.

विमानात आमच्या ओळीत दाजींची जागा रिकामी होती. एक उंच गृहस्थ पाय पसरायला तिथे येऊ लागले, तेव्हा हेमाने पर्समधला रुमाल काढून जागेवर ठेवला. गृहस्थ थांबले आणि मागे गेले. जेवण वाटणारी मुलगी आली. तिने मला ताट दिलं, हेमाला दिलं, आणि रुमालाकडे पाहून विचारलं, "शाकाहारी?"

"हो," हेमा म्हणाली.