वामनकाकांचा श्वास

बेलापुरातल्या चहाच्या हॉटेलातसुद्धा वामनकाका एकदम शिरत नसत. आत बोलणं चालू असलं, तर ते दाराबाहेर चपला पायात तशाच ठेवून थांबत. गप्पांत खंड पडला, की आत पाऊल. चाळीस वर्षं संगीत नाटकांत राजे रंगवले. सवय सुटली नव्हती. हॉटेलवाला मुद्दाम बोलत राही. "काका, चा निवला तुमचा." "निवू दे. प्रवेश घाईत केला की वाया जातो."

घरात चौदा पदकं, आणि शाली एवढ्या की ट्रंकेचं झाकण लागत नसे. दुष्काळाचं साल. लोक रस्त्यावर खडी फोडत होते आणि गावाने काकांचा आणखी एक सत्कार ठरवला. मी तेव्हा पेटलेला. एका रात्रीत पत्रक लिहिलं, शाईने हात आणि सदरा काळा केला. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याला पहिली प्रत द्यायची, हा माझा बाणा. काकांनी चष्मा लावून ती ओठ हलवत वाचली.

"बाळ, श्वास कुठंय? सहा ओळींत एक पूर्णविराम नाही. म्हणणारा मरेल."

"मरू दे," मी म्हणालो. म्हणणारा मीच होतो, हे ध्यानात आलं नाही.

सत्काराला मी लोकांच्या मधोमध उभा राहिलो. "बंधूंनो, ज्या तालुक्यात माणसं..." आणि पुढचं साफ गेलं. पत्रकं तर सगळी वाटून टाकलेली. शेदोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात व्यासपीठावरून हलक्या, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात वाक्य आलं, "पोटासाठी खडी फोडतात..."

मी म्हटलं. त्यांनी पुढचं दिलं. "त्या तालुक्यात हा नट शाली पांघरतो. याला लाज वाटत नाही काय?" तेही त्यांनीच पुरवलं, काय-वर जोर कसा द्यायचा, तेही.

मागून एक म्हातारा ओरडला, "आवो काका, ह्या शिव्या तुमालाच हायेत."

"माहीत आहे. पण पोराचं वाक्य पडत होतं."

टाळ्या कडकडल्या. माझ्यासाठी नव्हत्या. काकांनी शाल घेतली. नाकारली असती, तर निदान मी जिंकलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच त्यांच्या खोलीवर गेलो. उशाशी माझं पत्रक, घड्यांवर फाटत आलेलं. जागोजागी पेन्सिलीच्या उभ्या रेघा. श्वासाच्या.

"एवढं पाठ कशाला केलंत?"

काकांनी चष्मा पुसला. "अकरा वर्षांत नवीन संहिता कुणी हातात दिली नव्हती रे. सत्काराला सगळे येतात. तालमीला कोणी येत नाही."

मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "पुढचं केव्हा लिहितोस?"

लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. "परवा आणतो," मी म्हणालो, आणि चपला काढून बसलो.