मनुभाऊंचा काटा चाळीसवर

मनुभाऊंच्या पिकपचा काटा चाळीसवर असला, की कॉलेजातली पोरं सायकलवरून घंटी वाजवत त्यांना मागे टाकत. मी एकदा शेजारी बसलो असताना इतवारीच्या वाटेवर एक रिकामा टांगा आमच्या पुढे गेला. टांगेवाल्यानं मागे वळून दया आल्यासारखं पाहिलं. मनुभाऊंना त्याचं काहीच नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि काट्याकडे बोट केलं. म्हणाले, "मीटर पाहा. चाळीस."

महाल या आमच्या वस्तीत, आमच्या अगदी समोर त्यांचं घर. दोघा भावांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, कनाती, पंगतीच्या स्वयंपाकाचे गंज म्हणजे मोठाली पातेली भाड्यानं द्यायची. थोरले दादाजी ओट्यावर बसून धंदा बघत आणि धाकटे मनुभाऊ पिकप हाकत. हो, हाकतच.

पिकप मुळात इतकी गरीब नव्हती. एका लग्नसराईत गंज आणि कढया गच्च भरून जाताना रेल्वे फाटकाच्या खडबडीत तिचा मागचा अ‍ॅक्सल मोडला. दादाजींनी फर्मान काढलं, की भंगार बाजारातून होता तसाच दुसरा आणा. मनुभाऊ दिवसभर हिंडले आणि त्याच बनावटीच्या एका पाण्याच्या टँकरचा अ‍ॅक्सल घेऊन आले.

लतीफ मिस्त्रीनं तो फिरवून पाहिला आणि कपाळाला हात लावला. पिकपचा इंजिनाकडून येणारा दांडा चार वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. टँकरच्या अ‍ॅक्सलमध्ये दांडा सहा वेळा फिरावा, तेव्हा कुठे चाक एकदा हलणार. म्हणजे ओढायला जोर भरपूर, पण पळायच्या नावानं शंख.

"भाऊ, आतली दातेरी चाकांची जोडी आपली जुनीच बसवतो. ती चांगली हाये," मिस्त्री म्हणाला. "वरचं खोकं फक्त टँकरचं. रेशो जुळला की गाडी पहिल्यासारखी पळते."

"राहू दे."

"मंग मीटरची गरारी तरी बदलू द्या. मीटर दांड्याचे फेरे मोजते, चाकाचे नाही. काटा उगाच जास्त दाखवीन."

"त्याले तर हातच लावू नको," मनुभाऊ म्हणाले.

दादाजींना त्यांनी एकच सांगितलं, "ओझ्याले ताकद पाहिजे, दादाजी." दादाजी जुन्या काळचे पहिलवान. ताकद म्हटलं की ते विरघळत.

तेव्हापासून मनुभाऊंना एक वेदवाक्य सापडलं. "ताकद पाहिजे का घाई? एक सांगा. दोन्ही नाही भेटत." ते कुठेही लागू पडे. आमचा पंखा उन्हाळ्यात रखडत फिरू लागला, तर म्हणाले त्यात ताकद आहे. माझा मुलगा पाढे पाठ करायला वेळ लावतो अशी बायकोनं तक्रार केली, तर म्हणाले, "लागू द्या वेळ. पुढं चढ लागला म्हणजे कामी येईन." मुलगा तेवढ्यावर वर्षभर निर्धास्त राहिला.

गिऱ्हाइकं मात्र कावली. एका लग्नात वरात दारात आली तरी गाद्यांचा पत्ता नव्हता. व्याही मंडळी पोत्यांवर मांडी घालून बसली. मनुभाऊ पोचले तेव्हा नवरदेवाचा बाप अंगावर धावून आला. मनुभाऊंनी त्याचा हात धरून त्याला पिकपात बसवलं, एक चक्कर मारली आणि काटा दाखवला. तो बिचारा उतरून आपल्या माणसांना म्हणाला, "मीटर तर बरोबर दाखवून राहिलं. आपलीच घड्याळं पुढे असतीन."

इतका बोलका माणूस घराचा उंबरा ओलांडला की मुका होई. दादाजी ओट्यावर, म्हातारी आई माजघरात. त्यांच्यासमोर बायकोशी सरळ बोलणं त्या घरात बसत नसे. मनुभाऊ आढ्याकडे पाहून म्हणत, "कोणी पाणी देईन काय?" सुमनवहिनी डोक्यावरचा पदर सावरत तांब्या आणून ठेवत आणि मांजराला सांगत, "साखर संपली म्हणा." वीस वर्षांचा संसार असा आढं आणि मांजर यांच्या मध्यस्थीनं चालला होता. आम्हाला त्याची गंमत वाटायची. आम्ही घरी त्यांची नक्कलही करायचो.

दर गुरुवारी मात्र मनुभाऊ गाद्यांसाठी कापूस आणायला सावनेरला जात. वहिनींची आई तिथे एकटी राहायची, म्हणून वहिनीही डबा घेऊन सोबत जात. हा कार्यक्रम जुनाच. पूर्वी दुपारच्या चहापर्यंत परतत, अ‍ॅक्सल बदलल्यापासून दिवेलागणीला येऊ लागले.

एका गुरुवारी ऑफिसच्या कामानं मी सावनेरला होतो. बस चुकली आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर मनुभाऊंची पिकप दिसली. पुढे वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी दाटीवाटीनं बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी मागे कापसाच्या बोऱ्यांवर चढलो. केबिनला मागून छोटी काच होती.

गाव सुटलं आणि वहिनींचा पदर खांद्यावर आला. त्यांनी संत्रं सोललं. एक फोड स्वतः खायची, एक मनुभाऊंच्या हातावर ठेवायची. मनुभाऊ बोलत होते. एक हात चाकावर, दुसऱ्या हातानं कुणाची तरी चाल करून दाखवत होते. बहुधा दादाजींची असावी, कारण वहिनी पदर तोंडात धरून हसत होत्या. मग वहिनी काही सांगू लागल्या आणि मनुभाऊंनी गाडी आणखी हळू केली. सायकली पुढे गेल्या, एक बैलगाडीही बराच वेळ बरोबरीनं चालली. मला त्या दोघांचा मनापासून हेवा वाटला. बोलायला आम्हाला आख्खं घर मोकळं होतं, पण आम्ही नवरा-बायको बोलत होतो ते रॉकेल आणि फीबद्दल.

शहर सुरू झालं, सदरची वस्ती आली, तशी वहिनींनी सालं गोळा करून बाहेर टाकली आणि पदर डोक्यावर घेतला. मनुभाऊ अर्ध्या वाक्यात थांबले. महालात पोचेपर्यंत ते दोघं एकमेकांना अनोळखी उतारू होऊन बसले होते.

ओट्यावरून दादाजींनी विचारलं, "काहून गा, इतका उशीर?"

"चाळीसनं आलो दादाजी. ह्यांना विचारा."

"चाळीसच होता," मी म्हणालो. कापसाच्या बोऱ्यांवरून काटा दिसत नाही, हे दादाजींच्या लक्षात आलं नाही.

पण पुढच्याच लग्नात गाद्या पुन्हा उशिरा पोचल्या, गिऱ्हाईक तुटलं आणि दादाजींचा धीर सुटला. त्यांनी स्वतः जाऊन मूळच्या मापाचा अ‍ॅक्सल आणला. सकाळीच पिकप ओट्यासमोर उभी आणि लतीफ मिस्त्री तिच्याखाली आडवा. मनुभाऊ खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा बघवेना. ताकद, घाई, मीटर, काही म्हणून त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. मीही तिथेच होतो. जे सांगायचं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"खोल गा," दादाजी मिस्त्रीला म्हणाले.

तेवढ्यात दाराच्या पडद्याआडून आवाज आला, "राहू द्या म्हणा. ओझ्याले ताकद पाहिजे."

मिस्त्रीचा पाना थांबला. दादाजींनी वहिनींचा इतका मोठा आवाज आजवर ऐकला असेल तो आरतीतच. ते पडद्याकडे वळले नाहीत. त्यांनी आधी पिकपकडे पाहिलं, मग धाकट्या भावाच्या चेहऱ्याकडे. शेवटी आढ्याकडे बघून म्हणाले, "ठीक हाये म्हणा. राहू दे."

मिस्त्री पुटपुटत बाहेर निघाला. मनुभाऊंनी आढ्याला विचारलं, "कोणी पाणी देईन काय?" तांब्या इतक्या लवकर आला, की तो आधीच भरलेला असावा.

लग्नाच्या गाद्यांसाठी पुढे दादाजी टेम्पो भाड्यानं घेऊ लागले. आणि त्याच आठवड्यात गुरुवारी पिकप सावनेरला निघाली, तेव्हा ओट्यावरून त्यांचा आवाज मला माझ्या खिडकीत ऐकू आला.

"सावकाश जाजो गा मनू. घाई नाही."