माक्याचा हात

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि तो नसण्याला धंद्याचा आधार आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना खुर्चीत बसवून "आता दिसतंय का? आणि आता?" असं विचारण्यात माझा सगळा दिवस जातो. जे काच बदलूनही दिसत नाही ते नसतंच, असं माझं साधं तत्त्व! म्हणून तर ज्या घरात राहायला कोणी धजत नव्हतं, ते मी हसत हसत भाड्याने घेतलं.

घर लहान पण सुबक. पुढे बसायची खोली, मागे झोपायची, एक स्वयंपाकघर आणि या सगळ्यांना जोडणारा अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला न्हाणीघर, त्याला लागून मागचं दार, आणि दाराबाहेर सांडपाण्यावर माजलेला माका. भिंतींना नुकताच फिकट हिरवा रंग दिलेला. आधी इथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या आणि इथेच वारल्या. शेजारच्या काकूंनी ही माहिती आमचं सामान उतरत असतानाच पुरवली. वर, "तशा त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. आताही नाहीत," असं म्हणून आमच्या हिच्या तोंडचं पाणी पळवलं.

काकूंच्या सांगण्यानुसार, बाईंचे केस म्हातारपणीही काळेभोर आणि कमरेच्या खाली होते, आणि ती सगळी या माक्याची करणी. रस काढून तेलात उकळायचा आणि ते तेल डोक्याला लावायचं. कोवळ्या पाल्याची लसूण घालून भाजी करायची. कापलं-खरचटलं की पाला चेचून वर बांधायचा, पोट नाहीतर यकृत बिघडलं की चमचाभर रस प्यायचा. बाई डॉक्टरकडे कधी गेल्या नाहीत, असं काकू अभिमानाने म्हणाल्या. मग शेवटी कशाने गेल्या, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ही शेजारी उभी होती.

शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात एक धातूची टोपी घालतात ना, बारीक खळ्या असलेली? ती बाईंच्या मधल्या बोटात कायम असायची. माका खुडायला मागे आल्या की ती टोपी नळावर वाजायची, टक टक. "आणि अजूनही..." असं म्हणून काकू थांबल्या. मग त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं.

झालं! त्या दिवसापासून हिला साबणाला चिकटलेले लांब काळे केस सापडायला लागले. हिचे केस खांद्यापर्यंत, आणि माझ्या केसांचा विषय पुढे येणारच आहे. मोरीत अडकलेले जुने केस असतील, असं मी म्हटलं. मोरी नवी बसवली आहे, असं ही म्हणाली. दुपारी मागे टक टक ऐकू यायची. मी नळाचा वॉशर बदलला. पाण्याचं थेंबथेंब गळणं थांबलं, टक टक थांबली नाही.

अखेर हिने निकाल दिला. "रविवारी बाबा येताहेत. त्यांना घर दाखवू. ते म्हणाले राहा, तर राहू. नाहीतर परत त्यांच्याकडे."

आता माझी अडचण समजून घ्या. लग्न झाल्यापासून आम्ही सासऱ्यांच्या घरी, मागच्या खोलीत राहत होतो. सासरे म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. खिशात टेप घेऊन हिंडणारा, आणि टेपने मोजता येत नाही अशा कशाचंच ज्याला कौतुक नाही असा. रात्री नऊ वाजता ते घरातले सगळे दिवे बंद करत. मी पुस्तकाच्या ऐन रंगात असो की माझ्या तोंडात घास असो, दारातून हात यायचा आणि अंधार! शिवाय रोज सकाळी माझ्या टकलाकडे बघून, "जावईबापू, माळरान वाढतंय," असा शेरा. स्वतःचं डोकं मात्र टोपीखाली. हे घर म्हणजे माझी सुटका होती. भूत परवडलं, पण ती मागची खोली नको!

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. ही सासऱ्यांना आणायला एसटी स्टँडवर गेली आणि मी कामाला लागलो. बेत असा की माक्याची भाजी करून सासऱ्यांचं मन जिंकायचं आणि उरलेल्या पाल्याचा रस काढून, तेल करून, ते माझ्या टकलाला लावून त्यांचं तोंडही कायमचं बंद करायचं. मी मागे पाला खुडत होतो तेव्हा काकू भिंतीवरून म्हणाल्या, "जपून हो, हात काळे होतात."

मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे? भांडी घासायचे रबरी हातमोजे होते, माझ्या मापापेक्षा मोठे. बोटांची टोकं पुढे लोंबायची. ते चढवले, पाला वाटला आणि फडक्यातून पिळला. रस हिरवागार निघाला. काळेपणाचं नाव नाही! काकूंचं सगळंच बोलणं असं, मी मनात म्हटलं. मधेच पुढची बेल वाजली म्हणून धावलो, तर दारात कोणी नव्हतं. परत येताना बोळातला दिवा लुकलुकताना दिसला म्हणून स्टुलावर चढलो, तोल गेला, छताला आणि भिंतीला धरून सावरलो. खिडकी अडकली होती ती ढकलली. पुन्हा बेल वाजली, पुन्हा कोणी नाही. सारांश, मी घरभर हात लावत हिंडलो, आणि हिरव्या भिंतीवर हिरवा रस, मला काय दिसणार! माझ्या धंद्याचा मान राखून सांगतो, उजेडही कमी होता.

फाटकाशी आवाज आले तसे मी हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि रसाची वाटी न्हाणीघरात फळीवर ठेवली. फाटकात काकूंनी सासऱ्यांना गाठून माक्याचं पुराण सुरू केलं होतं. ते नुसतं "हं, हं" करत होते. आत आल्यावर हातपाय धुवायला म्हणून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते टोपी कानांपर्यंत ओढून.

त्यांनी घर पाहिलं, खोल्या मोजल्या, आणि जेवताना भाजी मागून घेतली. "चांगली आहे," ते म्हणाले. हे शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होतो. मला वाटलं, जिंकलो!

बाहेर इतकं अंधारून आलं होतं की ही दिवा लावायला उठली. बटणाजवळ गेली आणि तशीच उभी राहिली.

"अहो, हे काय आहे?"

भिंतीवर एक मळकट डाग होता. आम्ही जवळ गेलो तोवर त्याला बोटं फुटली होती. आधी तपकिरी, मग गडद, मग काळा. आमच्या डोळ्यांदेखत भिंतीतून एक हात वर आला, म्हणजे हाताचा ठसा आला. मग हिने बोळाकडे बोट दाखवलं. तिथे दुसरा होता. पुढे तिसरा उमटत होता. ते न्हाणीघराच्या दिशेने चालले होते, आणि मधे एक छतावर होता. मागे नळावर टक टक वाजत होतं.

सासऱ्यांनी टेप काढला. सवय ती सवय. त्यांनी एक ठसा मोजला, माझा पंजा त्याच्या बाजूला धरायला लावला आणि तोही मोजला. माझी बोटं चांगली इंचभर आखूड भरली. हिचा हात तर त्याहून लहान. मग ते चष्मा वर करून ठशावर वाकले आणि तसेच राहिले.

"या हाताला रेषा नाहीत," ते म्हणाले.

आयुष्यभर दगड आणि बांध मोजलेल्या माणसाने एवढंच म्हटलं आणि टेप गुंडाळला. हिने कपाटातून बॅग काढली आणि भरायला घेतली. मी मधे पडलो, ओल असेल, रंग निकृष्ट असेल, वाटेल ते बरळलो. माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता. डोळ्यांसमोर ती मागची खोली आणि दारातून येणारा तो हात दिसत होता. सासरे म्हणाले की वाद नको, पाचची एसटी आहे. आणि घाम पुसायला त्यांनी टोपी काढली.

ही किंचाळली. सासऱ्यांचं डोकं काळं कुळकुळीत झालं होतं. कपाळापासून मानेपर्यंत, तव्याच्या बुडासारखं!

"बाबा, भुताने तुम्हाला पण धरलं!"

सासऱ्यांनी आरशात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहत, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "न्हाणीघरात वाटी होती. त्या शेजारच्या बाई म्हणाल्या की केस येतात. म्हणून फडक्याने थोडं लावलं."

मग हिने मला विचारलं की वाटीत काय होतं, रस कशाने काढला, आणि ते हातमोजे कुठे आहेत. मी डब्याकडे बोट दाखवलं. हिने ते दोन बोटांत धरून बाहेर काढले. दोन्ही कोळशासारखे काळे पडले होते. तिने एक बटणाजवळच्या ठशावर ठेवला. बोटाला बोट तंतोतंत जुळलं. रबराला रेषा कुठून असणार!

ही खाली बसून हसायला लागली. हसता हसता रडली, आणि बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवायला लागली. माझं घर वाचलं! अर्थात, "भिंती तुम्ही रंगवायच्या" ही अट घातली गेली. मग काकूंना सगळं सांगायला ती पुढच्या दाराने गेली.

सासरे मात्र काम अर्धवट सोडणारे नव्हेत. हातमोजा घेऊन ते एकेका ठशावर लावून बघत निघाले. मी मागोमाग होतो. सगळे जुळले. छतावरचा स्टुलावर चढून पाहिला, तोही जुळला.

मागच्या दाराशी, खुंटीच्या खाली, आणखी एक होता.

सासऱ्यांनी हातमोजा त्यावर धरला आणि खाली घेतला. ठसा छोटा होता. त्याला रेषा होत्या, दाट, म्हाताऱ्या हाताच्या. फक्त मधल्या बोटाच्या टोकाला रेषा नव्हत्या. तिथे एक गोल होता आणि त्यात बारीक बारीक खळ्यांचे ठिपके होते, ओळीने.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढून हिच्या हसण्याचा आवाज येत होता. किती दिवसांनी हसत होती! सासऱ्यांनी तो ऐकला. मग त्यांनी आपला लांब कोट आणला, त्या खुंटीवर अडकवला आणि ठसा दिसणार नाही असा नीट सारखा केला.

"तिला काही बोलू नका," ते म्हणाले. "आणि असं डोकं घेऊन मी एसटीत बसू शकत नाही. रंग उतरेपर्यंत इथेच राहतो."

डोक्याचा रंग पंधरवड्यात उतरला. भिंती मी रंगवल्या, खुंटीखालची तेवढी सोडून. सासरे अजून इथेच आहेत आणि कोटही तिथेच आहे. पाऊस असो, थंडी असो, तो ते कधी घालत नाहीत.

रात्री नऊ वाजले की ते सवयीने बोळात येतात. दिव्याच्या बटणाकडे हात जातो. मागे नळावर वाजतं, टक टक. हात परत येतो.

"असू दे चालू," ते म्हणतात. "तुम्ही वाचत असाल, जावईबापू."

माझ्या हातात पुस्तक नसतं. तरी मी म्हणतो, "हो बाबा. वाचतोय ना."