दोन पोटं, दोन पद्धती

उद्देश

कॉन्सेप्टाबाईंची शिकवण्याची पद्धत जुनाट आहे, हे सिद्ध करणे. डॉ. श्यामसुंदरने हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. पण घाटकोपरच्या त्या रुग्णालयात आयाबायांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना ते पाठ होतं.

"मॅडम, आपली मुलं पेशंटशी बोलतच नाहीत. अर्धी बॅच मला द्या. मी नटावर शिकवतो. नट पेशंट होणार, मुलं त्याची हकिगत ऐकून निदान करणार. परदेशात असंच चालतं."

सर्जरीच्या प्रमुख डॉ. कॉन्सेप्टा डिमेलो मूळच्या वर्सोव्याच्या. त्यांची पद्धत दोन वाक्यांत मावायची.

"तोंड खोटं बोलतं रे, श्याम. पोट नाय बोलत."

"मग होऊन जाऊ दे परीक्षा."

"होऊ दे ना. हरलास तर शिकवणं बंद. वर्षभर ओपीडीत गळवं फोडत बसायचं."

श्यामसुंदरला शिकवण्याखेरीज जगात कशाचीच गोडी नव्हती. तरी तो "झकास" म्हणून मोकळा झाला, आणि अर्धी बॅच त्याच्या हाती आली.

साहित्य

नट एक : नाहूरचा गुणाजी. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या कारखान्यात लागलेला, आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकात दुसऱ्या अंकात हटकून मरणारा.

पेशंट एक : दशरथ. सकाळीच भरती झालेला, अस्सल अपेंडिक्स, दुपारी ऑपरेशन.

दोघांना शेजारशेजारच्या खाटा. खरा कोण, खोटा कोण, हे सोडाच; दोघांत एक नट आहे, हेही मुलांना सांगायचं नाही. दोन्ही गुरूंनी वॉर्डाबाहेर, बाईंच्या केबिनमध्ये बसायचं.

कृती

इथे कृती यायला हवी. पण परीक्षेचा दिवस श्यामसुंदरने ठरवला होता, आणि तो दिवस निघाला नेमका गणेश चतुर्थीच्या आदला. श्यामसुंदर नागपूरचा. गावच्या गणपतीला निघालेला कोकणी माणूस काय काय लपवू शकतो, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कृतीची वाट तिथेच लागली.

निरीक्षण

आधी बाईंची मुलं आली. नाव नाही, गाव नाही. गुणाजीने कण्हायला तोंड उघडलं तेवढ्यात पोट दाबून झालं.

"मऊ आहे. ऊठ, घरी जा."

मग दशरथ. पोट फळीसारखं कडक. "अपेंडिक्स," म्हणून मुलं चहाला गेली.

त्यानंतर श्यामसुंदरची बॅच, पुढे अनुपमा. ती स्टूल ओढून दशरथजवळ बसली.

"काय होतंय काका?"

"काय नाय गं बाय. वाईच गॅस झालेला. गेला." दशरथ हसला. कपाळावर घाम, उशाखाली एसटीचं तिकीट. "रात्रीची गाडी हाय. मखर माझ्याकडे असतंय ना."

अनुपमाने मखर ऐकलं, आरती ऐकली, भावाने पाडव्याला धरलेला अबोला ऐकला. पोटाला हात लावायचं राहून गेलं. "काका, तुम्ही ठणठणीत आहात," तिने निकाल दिला. दशरथने पिशवी उचलली आणि वाकत वाकत जिना गाठला.

मग गुणाजी. मघाच्या पोरांनी तोंडातलं वाक्य तोडलं होतं, त्याचाही राग होता. कळ बेंबीपाशी निघाली, उजवीकडे उतरली, अगदी शिकवल्याप्रमाणे. पण पलीकडच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले, नातेवाईक डबे घेऊन जवळ आले, आणि गुणाजीला प्रेक्षक दिसले. मग कळ छातीत गेली, पाठीतून फिरली, डोळे पांढरे झाले. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

"ट्रॉली आणा," अनुपमा म्हणाली. "वेळ नाही."

ऑपरेशन थिएटरचा दरवाजा दिसला तसा गुणाजी ताडकन उठून बसला.

"गो बाय, माका काय एक झाला नाय. मी नाटक करतंय!"

"काका, घाबरू नका."

"मी नाटकातलो माणूस!"

"पेशंट भ्यायला की सगळं नाकारतो," अनुपमा सोबतच्यांना म्हणाली. "सरांनी सांगितलंय ना. शांतपणे ऐकून घ्यायचं, पण थांबायचं नाही."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. थांबले नाहीत.

त्याच दरवाजाशी समोरून बाईंची मुलं दुसरी ट्रॉली ढकलत आली. चहाहून परतताना त्यांना जिन्यात पिशवीवर डोकं टेकून बसलेला दशरथ सापडला होता. दोन ट्रॉल्या एकमेकींवर आदळल्या. गलका ऐकून केबिनमधून दोघं धावत आली. बाईंनी एक हात दशरथच्या पोटावर ठेवला, एक गुणाजीच्या.

"हा आत. हा घरी." मग श्यामसुंदरकडे वळून, "आणि तू ओपीडीत."

अनुमान

दशरथचं ऑपरेशन नीट झालं. मखर त्याच्या भावाने केलं.

पण श्यामसुंदर इतक्यात हरणारा नव्हता. टाके काढायच्या दिवशी त्याने गुणाजीलाही बोलावून घेतलं आणि बाईंच्या देखत दोघांना विचारलं, "खरं सांगा, कुणाची मुलं चांगली?"

"तुमची," दशरथ म्हणाला. "त्या पोरीनं मला सोडलंन तरी. बाईंच्या पोरांनी धरून आणलंनी."

"तुमचीच," गुणाजी म्हणाला. "बाईंच्या पोरांनी माका तोंड उघडूक दिल्यानी नाय. कलाकाराचो ह्यो अपमान."

श्यामसुंदरची छाती फुगली. "बघा मॅडम. दोनपैकी दोन. शंभर टक्के माझ्या बाजूने."

बाईंनी दशरथचा टाका अलगद ओढून काढला.

"मग निवडणुकीला उभा राहा ना, श्याम," त्या म्हणाल्या. "पण आधी खाली जा. गळवांची रांग दारापर्यंत आलीय."