सुनंदाबाईंना ताल नव्हता

भाविकाच्या फाइलींवर सलग तिसऱ्या दिवशी छताचा चुना पडला, तेव्हा ती भांडायलाच वर गेली. मेहरूणमधल्या त्या इमारतीत खाली तिचं विम्याचं ऑफिस होतं आणि वर एक रिकामा हॉल. हॉलमध्ये हितेंद्र नावाचा घामाघूम तरुण आठ जणांना रिंगणात फिरवत होता. स्पीकरमधून जे वाजत होतं ते ऐकून वाटावं, लग्नाच्या बँडमधले सगळे ट्रम्पेटवाले एकाच वेळी खूश झालेत.

“हे काय चाललंय?” भाविका म्हणाली.

“क्युबाचा साल्सा, मॅडम. आत्ता लागलंय ते मात्र टिंबा. साल्सा भरपेट जेवून, पान खाऊन वरातीत शिरला की त्याचा टिंबा होतो.”

“माझ्या फाइलींवर चुना पडतोय.”

“तो टिंबामुळेच. साल्सा हळू असतो. एक काम करा, त्या खांबाचा हात धरा... म्हणजे खांब धरा. एक-दोन-तीन, चारला थांबायचं. पाच-सहा-सात, आठला थांबायचं.”

ती तक्रार करायला गेली होती. सात वाजता खाली आली ती खांबाचा रंग हाताला लागलेला घेऊन. आई, सुनंदाबाई, जाऊन नऊ महिने झाले होते. या नऊ महिन्यांत तिनं आईचा चष्मा, आबांच्या गोळ्या, बँकेतले फॉर्म असं बरंच काही हातात धरलं होतं. त्यामानानं खांब धरणं फार सोपं होतं. मंगळवार आणि गुरुवार, दीड तास, तिला पोटभर श्वास घेता यायला लागला.

हे अर्थात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. असोद्याच्या घरी वर्ष पाळणं चालू होतं आणि ते पाळून घ्यायला धुळ्याहून फुई आली होती. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण सुमनबाई. जन्म असोद्याचा, पण लग्न होऊन पन्नास वर्षं धुळ्यात गेल्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी. घरात गोडधोड नाही, टीव्ही नाही, नवं कापड नाही. दिवाळीत शेजारच्या नानीबाईंनी वाटीभर शिरा पाठवला, तो फुईनं वाटीसकट परत पाठवला होता. आबा, म्हणजे भाविकाचे वडील भाईदास, ओसरीतल्या खाटेवर छताच्या पत्र्यांकडे बघत पडून असायचे. जेव म्हटलं की जेवायचे. भाविका दर रविवारी असोद्याला जायची, आणि फुईला नाचाचा वास जरी लागला असता तरी मंगळवार-गुरुवार कायमचे बंद झाले असते.

त्या रविवारी भरीत करायचं ठरलं. मागच्या परसात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून भाविका वांगी भाजत होती. न्हाऊन केस मोकळे सोडलेले, केसांखाली कानात इअरफोन, हातात वांगी उलटवायची काठी. आसपास कुणी नव्हतं. पाय आपोआप चालायला लागले.

टिंबात एक जागा येते. सगळी वाद्यं एकदम बाजूला होतात, खाली नुसता ढोल आणि बास उरतो, आणि तिथं जोडीदाराचा हात सोडून सगळं अंग झडझडून हलवायचं असतं. हितेंद्रच्या मते इथं लाजणारा माणूस टिंबा नाचतच नाही. भाविका लाजली नाही. डोळे मिटून, केस उडवत, काठी उंचावून तिनं कंबरेपासून खांद्यांपर्यंत जे हलवलं, ते धुरातून फुईनं पाहिलं.

“व माय!” हातातला कांदा टाकून फुई ओरडली. “पोरना आंगमा सुनंदा उनी शे! बठ्ठासले बलावा रे!”

भाविकानं डोळे उघडले तेव्हा सत्तर वर्षांची फुई, पोरीच्या अंगात मेलेली भावजय आली असं समजून, तिच्या पायांवर डोकं टेकवत होती. “सुनंदा, मनं काही चुकनं व्हई ते माफ कर व माय!”

‘फुई, मी नाचत होते’ हे वाक्य भाविकाच्या ओठांपर्यंत आलं. त्यापुढचं सगळं तिला दिसलं, आणि तिनं ते गिळलं. घाबरून ती पुन्हा हलायला लागली.

पाच मिनिटांत परस भरला. नानीबाई नारळ घेऊनच आल्या. “सुनंदे, खरं त सांग, माही पुरणाची चाळणी कुठी ठेवली व? वर्ष झालं शोधते मी.”

चाळणी भाविकानं मागच्याच रविवारी पाहिली होती. “माळ्यावर,” ती खोल आवाजात म्हणाली, “पितळी डब्याच्या मागं.”

चाळणी आणली गेली. ती पाहिल्यावर परसात जी शांतता पसरली, ती पाहून भाविकाला आपण काय केलं ते कळलं. आता हात जोडून गल्लीतला उखर्डू पुढं झाला. त्याची केळी काढणीला आली होती. “काकू, माल कधी काढू?”

केळीतलं भाविकाला काही कळत नव्हतं. भीतीनं तोंडात येईल ते बाहेर पडलं. “एक, दोन, तीन... पाच, सहा, सात!”

“चार नी म्हने ती!” उखर्डू हादरला. “चौथी तारीख टाळाले सांगते!”

“आठबी सोडला,” मागून कुणीतरी म्हणालं. “लिहून घ्या रे.”

रांग परसातून गल्लीत गेली. वांगी जळाली. आणि मग खाट करकरली. आबा उठले होते. कुणी न सांगता, नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

“सरका,” ते म्हणाले. “सुनंदा असली त मले पाहू द्या.”

गर्दीनं वाट दिली. आबा भाविकासमोर येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. एवढ्या सगळ्यांत फक्त त्यांच्या नजरेला तिची नजर देता येईना. त्यांनी तिच्या कानावरचे केस बाजूला केले, इअरफोन काढला, गर्दीकडे पाठ करून स्वतःच्या कानाला लावला. लोकांना वाटलं, नवरा-बायको काही खासगी बोलताहेत. आबांचा चपलेतला अंगठा हलायला लागला.

“सुनंदाले कधी ताल होता का?” ते हळूच म्हणाले. “आरतीत ती टाळी द्यायची त माह्याशी एकदाबी जुळली नी. तू कोन्हाची फसवणूक करतीस?”

“आबा, मी...”

“मंगळवारी न् गुरुवारी साडेपाचले तू फोन उचलत नी. ते हेच का?”

भाविकानं मान हलवली.

“काय म्हनस ती?” फुईला राहवेना.

आबा गर्दीकडे वळले. चेहरा तसाच, खाटेवरचा. “म्हणते, नऊ महिने पुरे झाले. शिरा करा. पोरीले मंगळवार-गुरुवार जिथं जायाचं तिथं जाऊ द्या.”

“कुठी जाते ती?” नानीबाईंनी विचारलं.

“ते सांगत नी.”

“आनि मना बारामा?” फुई.

आबांनी इअरफोन पुन्हा कानाला लावला, नीट ऐकलं. “सुमनताई, तुझ्या धुळ्याच्या घरी लोणच्याले बुरशी धरली म्हणते.”

फुईनं तोंडावर हात ठेवला. “झाकन ढिलंच ऱ्हायनं व्हतं,” ती पुटपुटली. “सुनंदाले बठ्ठं माहीत ऱ्हास.” संध्याकाळच्या गाडीनं ती धुळ्याला गेली. जायच्या आधी शिरा तिनंच केला, आणि साखर सढळ हातानं घातली.

गुरुवारी साडेपाचला हॉलच्या दारात आबा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल.

“इथं एक माणूस कमी आहे म्हणे,” ते म्हणाले.

हितेंद्रनं त्यांना खांबाच्या जागी उभं केलं. गाणं लागलं, रिंगण फिरलं. दुसऱ्या मिनिटाला दोन जोड्या एकमेकांवर आदळल्या. तिसऱ्या मिनिटाला हितेंद्र स्वतःचाच पाय चुकला. खाली ऑफिसात चुना पडत असेल तर तोही बेतालच पडत असणार.

“चारला थांबायचं, आबा,” भाविका म्हणाली.

“मी थांबलेलोच आहे. हे बाकीचे कायले चालले?”

गाणं थांबवावं लागलं. सगळे धापा टाकत आबांकडे बघत होते. आबा स्वतःच्या पायांकडे बघत होते. एकेचाळीस वर्षांच्या संसारातल्या आरत्या त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना भाविकाला दिसल्या.

“भाविका,” ते म्हणाले, “म्हणजे तिची टाळी बरोबर होती?”

भाविकाला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. तिनं आबांचा हात धरला.

“लावा हो पुन्हा,” आबा हितेंद्रला म्हणाले. “पहिल्यापासून लावा. घरी जाऊन तिच्या फोटोपुढं कबूल करायचं आहे, त्याच्या आत एकदा तरी बरोबर आलं पाहिजे.”