पाय न टेकवणारे दगडूबा

दगडूबांशी बोलायचं असेल तर त्यांच्या सायकलीबरोबर चालावं लागतं. टेंभुर्णीच्या बाजारमैदानात ते रोज संध्याकाळी गोल गोल सायकल चालवतात आणि अकरा फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय जमिनीला पाय लावत नाहीत. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे त्यांची सगळी सुखदुःखं मी धापा टाकत ऐकलेली आहेत. वर पुन्हा, "जल्दी पाय उचला गुरुजी, ट्रॅक चालू हाये!"

ट्रॅक कुठे आहे, हे विचारायची सोय नाही. पूर्वी तिथे चुन्याच्या फक्कीचं रिंगण आखून सात दिवस खाली न उतरता सायकल चालवायचा खेळ व्हायचा. दगडूबांनी तरुणपणी तो केला होता. जेवण, दाढी, आंघोळ, सगळं सायकलवर. अजूनही कुणी मैदान आडवं कापलं की ते ओरडतात, "ओ ताई, वळसा घालून जा!" कडुनिंबापाशी आले की डावा हात बाहेर काढतात. वळायची खूण असेल, असं मी समजत होतो.

त्या खेळाच्या पाचव्या दिवशी गावातलीच सोयरीक आली. मुलीचे वडील सायकलीबरोबर पळत विचारत होते, जमीन किती, भाऊ किती.

"तिसऱ्या फेरीला सासरा खालीच बसला. म्हनला, पोरगं दमदार हाये, देऊन टाका!" हे सांगताना दगडूबा अजून खुदखुदतात.

मुलगी म्हणजे कौसामामी. मामी गेल्या वर्षी वारल्या. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दगडूबा पुन्हा मैदानात दिसले, तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

परवा बाजाराचे ओटे बांधायला इंजिनिअर आला. आता दगडूबा उपोषणाला बसणार, अशी गावभर चर्चा. फक्कीनं आखणी सुरू झाली आणि हे त्याच्याभोवती फिरत राहिले.

"बाबा, जरा थांबा."

"थांबता येत न्हाई साहेब. तुम्हीच चला."

बिचारा दोन फेऱ्या चालला. मग फक्कीची रेघ निंबाखाली आली आणि दगडूबांनी पाय टेकवला. चौथ्याच फेरीला! मी बघतच राहिलो.

"साहेब, बाकी समदं घ्या. ही चार हात जागा तेवढी सोडा."

"का हो बाबा?"

"सातव्या दिवशी मी पडायलाच आल्तो. मंग कौसा हितं पान्याचा गिलास घिऊन उभी राह्यली. लोक हसले, पन हटली न्हाई. मी चालता चालता घ्यायचो, पुढल्या फेरीला रिकामा देयाचो."

इंजिनिअरनं बुटानं रेघ पुसली. वर्षभर मनात धरलेल्या रागाची मला लाज वाटली.

दगडूबा पुन्हा सायकलवर बसले. "फेरी मोडली गुरुजी. पहिल्यापासून मोजा."

मला त्या दिवशी त्यांच्याशी काहीच बोलायचं नव्हतं. तरी अकराच्या अकरा फेऱ्या मी त्यांच्याबरोबर चाललो, आणि निंबापाशी त्यांचा हात बाहेर आला की दर वेळी जरा मागे राहिलो.